बेरोजगार पाहिजेत

जावकसाहेबांनी त्या सभेत हात वर केला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. आणि हात वर केला तो काही समाजसेवेची उबळ आली म्हणून नव्हे, एक प्रश्न चुकवायचा होता म्हणून. निदान त्यांच्या बायकोचं तरी असं मत आहे, आणि या घरात शेवटी तिचंच मत खरं ठरतं असा आजवरचा अनुभव आहे.

जावकसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत बाहेर जाणाऱ्या पत्रांवर शिक्के मारून ती रवाना करणारा जो जावक विभाग असतो, त्यात त्यांची उभी हयात गेली आणि तिथूनच ते मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले तरी कचेरी काही त्यांच्या तोंडातून निवृत्त झाली नाही. बायकोने साखर संपली म्हणून सांगितलं की ते म्हणत, "नोंद घेतली आहे." कॉलनीने हे नाव पाठीमागे ठेवलं, हळूहळू ते समोर आलं, आणि नावात 'साहेब' आहे तेव्हा ते चालवून घ्यायला हरकत नाही असा निर्णय त्यांनी स्वतःच्या पातळीवर घेतला.

तर सभा कॉलनीच्या हॉलमध्ये होती. या हॉलच्या छताचा गिलावा अधूनमधून खाली येत असे, त्यामुळे तिथे भाषण ऐकणारे लोक वक्त्याकडे कमी आणि वर जास्त बघत. बाहेरगावचा वक्ता असला तर त्याला वाटे, आपण फारच उच्च विचार मांडतो आहोत. त्या दिवशी वॉर्डाचे नगरसेवक आले होते. त्यांनी सांगितलं की बेरोजगारी कमी करण्यासाठी नगरपालिकेने पैसे काढून ठेवले आहेत. कुठल्याही संस्थेने आपल्या भागातल्या बेरोजगारांसाठी वर्ग चालवावा, त्याला अनुदान मिळेल, हॉलची डागडुजीसुद्धा त्यात बसते, मात्र वर्ष संपायच्या आत पैसे वापरले नाहीत तर ते परत जातात. यातलं बेरोजगारीचं कोणी ऐकलं नाही, डागडुजीचं सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यापुरती सगळ्यांची नजर छतावरून खाली आली.

"पण हे करणार कोण?" कोणीतरी विचारलं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या मास्तरीणबाई वळल्या. या निवृत्त शिक्षिका, पहिल्या मजल्यावर राहतात, आणि अजूनही समोरच्याने गृहपाठ केला नसेल असं गृहीत धरूनच बोलतात. पण जावकसाहेबांशी बोलताना त्यांचा आवाज का कोण जाणे मऊ होई. "साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या चिरंजीवांची परदेशी कंपनी काय म्हणते? त्यांनाच विचारा ना, एखादं व्याख्यान देतील आपल्या पोरांना."

इथे साहेबांनी घाईघाईने छताकडे पाहिलं, कारण परदेशी कंपनी अस्तित्वातच नव्हती.

होती ती साधी इथलीच एक कंपनी, आणि तिने दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला होता. चिरंजीव तेव्हापासून घरी होते. त्यांनी सुरुवातीला पुष्कळ अर्ज केले, मग थोडे केले, मग दाढी वाढवली. ही गोष्ट घरात तिघांना माहीत होती. जिन्यात एकदा कोणीतरी "मुलगा हल्ली घरीच दिसतो" असं म्हणाल्यावर साहेबांच्या तोंडून "घरूनच काम करतो, परदेशी कंपनी आहे" असं निघून गेलं. ते इतकं सहज निघून गेलं की त्यावर जावक क्रमांक पडल्यासारखा झाला, आणि बाहेर गेलेलं पत्र परत घ्यायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती. पुढे त्यांनी व्यवस्था लावली. एका पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात 'मीटिंग चालू आहे' असं लिहून, वर दोरी ओवून, तो पुठ्ठा चिरंजीवांच्या खोलीच्या दारावर अडकवला. कोणी आलं की पुठ्ठा दर्शनी बाजूला. काही महिन्यांनी तर कोणी आलेलं नसतानाही साहेब त्या दारावरून चवड्यांवर चालत जाऊ लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून झाकून हाताला मुंग्या येतात हे कोणी सांगत नाही.

"त्याला वेळ नसतो हो," साहेब घाईने म्हणाले, आणि विषय बदलण्यासाठी जे पहिलं हाताला लागलं ते उचललं. म्हणजे स्वतःचा हातच. "वर्गाचं काम मी बघतो."

टाळ्या पडल्या. वरून थोडा गिलावाही पडला.

घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "बेरोजगार कुठून आणणार?"

"बेरोजगारांना काय तोटा?" साहेब म्हणाले. "सगळीकडे तीच तर ओरड आहे."

बायकोने बंद दाराकडे पाहिलं, दारावरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि ती कणीक मळायला निघून गेली.

नगरपालिकेत रोजगार कक्ष तिसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी होता. आत पाच टेबलं होती आणि माणूस एक होता. बाकीची चार पदं रिकामी आहेत, भरतीला मंजुरी मिळालेली नाही, असं त्या एकट्या कारकुनाने सांगितलं. बेरोजगारी कमी करणाऱ्या कक्षात चार माणसांच्या जागा रिकाम्या ठेवण्यात काहीतरी विसंगती आहे असं साहेबांना वाटून गेलं, पण कचेरीत बसून कचेरीची चूक काढायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम होता. शिवाय तो कारकून जेवायला निघण्याच्या बेतात होता.

"वर्गात वीस तरी जण लागतील," कारकून म्हणाला. "सगळे या वॉर्डातले, सगळे खरोखरचे बेरोजगार. अर्धं अनुदान आधी मिळेल. उरलेलं आमच्या मॅडम स्वतः येऊन तपासणी करतील त्यानंतर. मॅडम कडक आहेत."

"आमची कॉलनीही काही कमी नाही," साहेब म्हणाले. याचा अर्थ काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण कचेरीतून बाहेर पडताना काहीतरी ठसठशीत बोलून निघावं अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या दिवसापासून साहेब बेरोजगार शोधायला निघाले, आणि त्यांना असं आढळून आलं की कॉलनीत एकही बेरोजगार नाही.

मास्तरीणबाईंचा भाचा त्यांच्याकडेच राहत असे आणि दिवसभर गॅलरीत दिसे. तो परीक्षांची तयारी करत होता. कोणत्या परीक्षांची हे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "सगळ्या." तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची मुलगी शिक्षण संपवून घरी बसली होती, पण ती बसलेली नव्हती, तिने थोडा ब्रेक घेतला होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा मुलगा वडिलांचा धंदा सांभाळत होता, म्हणजे वडील पुड्या बांधत असताना तो त्यांच्याकडे बघत होता. एका घरातला जावई 'स्वतःचं काहीतरी' सुरू करण्याच्या विचारात होता आणि तो विचार चौथ्या वर्षात होता. साहेबांनी 'बेरोजगार' हा शब्द उच्चारला की घराघरातली माणसं अशी सरळ होऊन बसत, जणू त्यांनी घरात कोणाला देवी आल्या आहेत का असं विचारलं. किराणावाला तर तोंडावर म्हणाला, "साहेब, आमच्या घरात कोणी बेकार नाही. तुमच्याच घरात बघा कोणी असेल तर."

साहेब तिथून ताडताड निघाले. रस्ताभर ते मनातल्या मनात किराणावाल्याला कडक शब्दांत खुलासा मागत होते. जिना चढता चढता त्यांच्या लक्षात आलं की तो माणूस चुकीचं काहीच बोलला नव्हता. मग त्यांना दम लागला, आणि तो जिन्याने लागला असं त्यांनी ठरवलं.

अखेर सल्ला मिळाला तो टेलरकडून. टेलरचं दुकान कॉलनीच्या फाटकाशीच. सल्ल्याचा त्याला तोटा नसे आणि तो मापं घेतानाच देत असे, त्यामुळे गिऱ्हाईकाला हलता येत नसे. साहेब शर्टाच्या बाह्या कमी करून घ्यायला गेले होते.

"साहेब, तुमचा बोर्ड चुकलाय," टेलर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाला. "हॉलबाहेर 'बेरोजगारांसाठी वर्ग' लिहिलंत. त्या दारातून आत जाताना कोण बघणार नाही? मी उद्या बोर्ड लावला 'जाड माणसांचे कपडे शिवून मिळतील', तर येईल कोणी? बारीकसुद्धा येणार नाही. मी काय लिहितो? 'हव्या त्या मापात'. आता येतात सगळे जाडेच. पण मानाने येतात."

हे साहेबांना पटलं. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची ही पुढची पायरी. त्यांनी नवा फलक रंगवून घेतला: 'व्यक्तिमत्त्व उन्नती वर्ग. मोफत. चहाची सोय आहे.'

पहिल्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. साहेबांचा ऊर भरून आला. मग त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. पहिल्या रांगेत दंतवैद्य होते. त्यांच्याशेजारी मास्तरीणबाई, वही-पेन घेऊन. मागे बँकेतले रोखपाल, ते अर्धा दिवस रजा टाकून आले होते. टेलर स्वतः आला होता, दुकानाला कुलूप लावून. शिवाय पाच-सहा निवृत्त मंडळी, दोन-तीन गृहिणी आणि चहा हे ज्यांचं एकमेव ध्येय असे काही जण. ज्याला पोटापाण्याचा उद्योग नाही आणि जो तो शोधतो आहे, असा एकही इसम त्या गर्दीत नव्हता.

पण गर्दी होती, आणि साहेबांना आयुष्यात प्रथमच समोर श्रोते मिळाले होते. जावक विभागात माणसाचं ऐकायला पाकिटं असतात. अनुदानाचा पहिला हप्ता आला, त्यातून छताच्या एका कोपऱ्याला गिलावा झाला, आणि खरे बेरोजगार आज ना उद्या येतीलच असं म्हणून साहेबांनी वर्ग सुरू केला. विषय घेतला 'मुलाखतीला सामोरं कसं जावं'. स्वतः त्यांनी जन्मात एकच मुलाखत दिली होती आणि तीत त्यांना फक्त वडिलांचं नाव विचारलं होतं.

"सगळ्यात अवघड प्रश्न कोणता?" ते विचारत. "सध्या आपण काय करता? इथे भलेभले घसरतात. 'घरी असतो' असं चुकूनही म्हणायचं नाही. 'काही नाही' हे तर मुळीच नाही. मान ताठ ठेवायची आणि म्हणायचं, सध्या मी विविध संधींचा अभ्यास करत आहे. म्हणा सगळे."

आणि दंतवैद्य, रोखपाल, टेलर आणि मास्तरीणबाई एका सुरात म्हणत, "सध्या मी विविध संधींचा अभ्यास करत आहे."

वर्ग रंगला. टेलरला तर मुलाखतीची इतकी गोडी लागली की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो आपले तीन गुण आणि एक दोष सांगू लागला. एकूण सगळं छान चाललं असताना नगरपालिकेतून फोन आला. मॅडम उद्या सकाळी तपासणीला येत आहेत.

साहेबांनी हजेरीची वही काढून पुन्हा एकदा नावं वाचली. त्यांनी संध्याकाळी सगळ्या वर्गाला घरी बोलावलं, चिरंजीवांच्या दारावरचा पुठ्ठा सरळ केला, आणि घसा खाकरून म्हणाले, "उद्या तासाभरापुरतं आपण सर्वांनी बेरोजगार व्हायचं आहे."

दंतवैद्यांनी कप खाली ठेवला.

"माझी पाटी आहे हो खाली," दंतवैद्य म्हणाले. "पदवीसकट. मॅडम तिच्याखालूनच येणार."

"पाटीवर टॉवेल टाकू."

"मला खोटं बोलता येत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पण तसं म्हटलं तर निवृत्त म्हणजे बेकारच की. पगार नाही, काम नाही, आणि घरात कोणी विचारत नाही."

"मी करतो की," टेलर म्हणाला. "फाटका शर्ट आहे एक गिऱ्हाइकाचा."

कोणाला फाटका शर्ट शोभेल आणि कोणाला नुसती दाढी वाढवून भागेल याची चर्चा बराच वेळ चालली. इतक्या रोजगारी माणसांनी बेरोजगार दिसण्यासाठी एवढी मेहनत घेतलेली त्या खोलीने पूर्वी कधी पाहिली नसेल. भिंतीपलीकडे खरा बसला होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

मंडळी गेल्यावर ते दार उघडलं. चिरंजीव बाहेर आले, कपबशा गोळा करू लागले, आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "बाबा, उद्या मी येऊन बसू का? एक तरी खरा होईल."

आता इथे बापाने काय म्हणायला हवं होतं ते सगळ्यांना कळतं. साहेबांनाही कळत होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर पहिली रांग आली, जिन्यातली माणसं आली, किराणावाला आला, आणि ते म्हणाले, "तू कसा येणार? तुझी मीटिंग असते ना सकाळी."

हे त्यांनी घरात म्हटलं. बाहेरचं कोणीही नसताना, ज्याची मीटिंग नव्हती त्यालाच सांगितलं. चिरंजीवांनी उरलेल्या कपबशा उचलल्या. ते "बरं" म्हणाले आणि मोरीकडे गेले. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की साहेबांना वाटलं, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ती त्यांनी बराच वेळ इकडून तिकडे फिरवून पाहिली, पण ती कुठे ठेवावी हे काही कळेना.

मॅडम सकाळी वेळेवर आल्या. किडकिडीत, दमलेल्या, खांद्यावर जड पिशवी. हॉलभर नजर फिरवून त्यांनी दंतवैद्यांपासून सुरुवात केली.

"आपण सध्या काय करता?"

"सध्या मी विविध संधींचा अभ्यास करत आहे."

"आणि आपण?" त्या टेलरकडे वळल्या.

"सध्या मी विविध संधींचा अभ्यास करत आहे," टेलर म्हणाला. त्याने फाटका शर्ट घातला होता खरा, पण गळ्यातली मापाची टेप काढायला तो विसरला होता.

तिसऱ्यानेही तेच सांगितल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. जरा खालीच लावला, गालाच्या बाजूला. दंतवैद्यांना राहवलं नाही. "डावीकडची दाढ का? थंड पाणी लागतं?"

"फार," मॅडम म्हणाल्या.

"रूट कॅनाल लागेल. दुपारी चारनंतर या, खालीच आहे माझा..." आणि दंतवैद्य थांबले. पण शब्द जावक झाले होते.

त्याच वेळी रोखपालांचा फोन वाजला आणि तिजोरीची किल्ली कुठे ठेवली असं बँकेतून कोणीतरी इतक्या मोठ्याने विचारलं की मागच्या रांगेतही ऐकू गेलं. मास्तरीणबाईंनी तेवढ्यात उठून, आपण निवृत्त असल्याने नेमक्या कोणत्या अर्थाने बेकार आहोत ते सांगायला सुरुवात केली. न दुरुस्त केलेल्या कोपऱ्यातून गिलाव्याचा एक तुकडा सुटला आणि मॅडमच्या पिशवीवर पडला.

मॅडमनी पिशवी झटकली. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. "साहेब," त्या म्हणाल्या, "हे पैसे ज्यांच्यासाठी आहेत ती मुलं मी रोज बघते. कक्षात येतात, जिन्यात बसून राहतात. तुमच्या या कॉलनीत एक तरी खरा बेरोजगार आहे का?"

साहेब उभे राहिले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. कोणीही वर बघत नव्हतं. "आमच्या कॉलनीत..." ते म्हणाले, आणि त्यांच्या जिभेवर 'नाही' आलं. अगदी दातांपर्यंत आलं.

"मी आहे," दारातून कोणीतरी म्हणालं.

चिरंजीव दारात उभे होते. चहाची किटली आईने त्यांच्याच हाती पाठवली होती. आजच का पाठवली हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता.

"आपण सध्या काय करता?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. दोन वर्षं घरी आहे. कंपनी बंद पडली."

"इथेच राहता?"

"हो. वर, दुसऱ्या मजल्यावर."

"कोणाकडे?"

चिरंजीवांनी बापाकडे पाहिलं. एकदाच, क्षणभर. मग ते म्हणाले, "ते राहू द्या मॅडम. मी माझा आलोय."

जावकसाहेबांना त्या क्षणी जी लाज वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. मुलाच्या बेकारीची दोन वर्षं वाटली ती लाज हिच्यापुढे काहीच नव्हती. पोराने भर सभेत बापाला वाचवलं होतं, आणि ते वाचवणं म्हणजे आपण तुमचे कोणी नाही असं सांगणं होतं. इतकं हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं, आणि ते कोणी पाडलं होतं हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. आणि अडचणीत माणूस ज्या भाषेत वाढला त्याच भाषेत बोलतो, म्हणून ते म्हणाले:

"सदर इसम... सदर इसम माझा मुलगा आहे."

एवढं बोलून ते डोळे मिटून उभे राहिले. आता छत पडेल तर बरं, असंच त्यांना वाटत होतं.

काही पडलं नाही. त्यांनी डोळे उघडले. कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दंतवैद्य बुटांकडे बघत होते. टेलरने गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली होती.

"बसा साहेब," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुपारी तुम्ही झोपलात की तो माझ्याकडे येतो ना," टेलर म्हणाला. "बसवत नाही म्हणतो घरात. बटणं लावतो, काजं करतो. तुमच्या अंगावरच्या या शर्टाची बटणं त्यानेच लावलीत."

साहेबांचा हात आपोआप छातीवरच्या बटणाकडे गेला. बटण घट्ट होतं.

"मग ते... कंपनी काय म्हणते, असं जे तुम्ही विचारत होता..."

"तुम्हाला सांगायला बरं वाटायचं, म्हणून विचारायचो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

म्हणजे दोन वर्षं सगळी कॉलनी त्यांना सांभाळून घेत होती. पुठ्ठा लावून ते दुपारी गाढ झोपत तेव्हा पुठ्ठ्यामागची खोली रिकामी असे, आणि जाग आल्यावर त्या रिकाम्या खोलीवरून ते चवड्यांवर चालत गेले होते. साहेब खुर्चीत बसले. चिरंजीवांनी किटली खाली ठेवली आणि पहिला कप त्यांना दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

मॅडमनी सात-आठ दिवसांची मुदत दिली. "एक आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीचे आणा. नाहीतर पहिला हप्ताही परत करावा लागेल." आणि दुपारी चारनंतर गाल धरून त्या खाली दंतवैद्यांच्या पाटीवरचा टॉवेल उचलून आत गेल्या.

बाकीचे आपोआप आले. त्याच संध्याकाळी दंतवैद्यांनी बेल वाजवली आणि जिन्यात मागेपुढे पाहून म्हणाले की मुलीचा ब्रेक जरा लांबलाच आहे. मास्तरीणबाई भाच्याला दंडाला धरून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी किराणावाला आला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलून म्हणाला, "आमच्याकडे एक आहे, साहेब." आपल्या पोराचं नाव सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की साहेबांना ते पुन्हा विचारावं लागलं. आधी झाल्या गोष्टीवरून चार शब्द सुनवावेत असं त्यांच्या मनात होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि त्याला चहा दिला. चहाचं गरम पातेलं बायकोने टेबलावर एका पुठ्ठ्यावर ठेवलं होतं. पातेल्याच्या कडेने 'मीटिंग' एवढीच अक्षरं दिसत होती.

मुदत संपायच्या आत हॉल पुन्हा भरला. बाहेर जुनाच फलक परत लागला होता, बेरोजगारांसाठी वर्ग, आणि मुलं त्याच्याखालून खाली मान घालून का होईना, पण आत आली. मॅडम मागे खुर्चीवर बसल्या होत्या, एका गालाने बोलत होत्या. नमुन्याची मुलाखत घेऊन दाखवा, म्हणाल्या. पुढे यायला कोणी तयार होईना. तेव्हा चिरंजीव उठले आणि बापासमोरच्या खुर्चीत येऊन बसले.

साहेबांनी चष्मा सारखा केला. समोरच्याला एकेरीत विचारावं की आदरार्थी, यात त्यांचा थोडा वेळ गेला.

"सध्या आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"घरी असतो," चिरंजीव म्हणाले.

सगळी मुलं साहेबांकडे बघू लागली, आता साहेब चूक दाखवणार म्हणून. साहेबांनी एकदा शर्टाचं बटण चाचपलं.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढे सांगा."